निऱ्या धरणारी

साडी नेसवायला दोघी लागतात. हे कुणाला पटत नाही, पण लागतात. एक वर, एक खाली. वरची निऱ्या घालते, पदर काढते, पिना लावते आणि रुबाब करते. खालची जमिनीवर बसून निऱ्यांची टोकं धरते, एकसारखी करते, खाली ओढते, आणि तिचं नावही कुणी घेत नाही. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये सत्तावीस वर्षं वरची मी होते आणि खालची पद्मिनी.

मी उल्का. इथल्या मराठी मंडळात मला सगळे उल्का मावशी म्हणतात, माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या बायकासुद्धा. त्याचा मला राग येतो, पण आता किती जणींशी भांडणार? गणपतीतले नाच, लग्नं, डोहाळजेवणं, पोरींची अरंगेत्रं, जिथे साडी तिथे मी. पिना ठेवलेला बिस्किटांचा डबा काखोटीला मारायचा आणि निघायचं. गाडी पद्मिनीनं चालवायची, कारण फ्रीवेवर मला अजून धडकी भरते. आम्ही पोहोचायच्या आधीच तिथे रांग लागलेली असायची. परकरावर उभ्या अठरा जणी, अठराही जणींना घाई, आणि अठराही जणींचं नेसून दोन तास झाले की सगळ्या माझ्या नावानं बोटं मोडणार, कारण मी घट्ट नेसवते.

घट्ट नेसवायची माझी एक युक्ती आहे. निऱ्या खोचायच्या आधी मी समोरचीला सांगते, "श्वास सोड." तिनं श्वास सोडला, पोट आत गेलं की झटकन खोचायचं. मग ती नाचू दे, पडू दे, साडी जागची हलत नाही. पोरी ओरडायच्या, "मावशी, आय कान्ट ब्रीद!" मी म्हणायची, "आजच्या दिवस नाही घेतलास श्वास तर काय बिघडतं गं?" आणि खालून पद्मिनी खिदळायची. तिच्या खिदळण्यानं हातातल्या निऱ्या हलायच्या, की मी तिच्यावर ओरडायची. असं आमचं चालायचं.

पद्मिनी मंगळवारी गेली. ऑक्टोबरातली चांगली उन्हाची दुपार होती. मागच्या अंगणात मेथीच्या कुंड्यांना पाणी घालत होती, तिथेच बसली आणि तिथेच संपली. शेजारणीनं नळ बराच वेळ चालू आहे हे पाहिलं, म्हणून कळलं तरी. त्याच दुपारी मी तिला तीनदा फोन केला होता. तिसऱ्यांदा तिच्या मशीनवर निरोपही ठेवला, "पद्मे, फोन उचलायला तुला काय होतं गं? हात झिजतात का?" तो निरोप अजून त्या फोनमध्ये आहे.

तिची मुलगी प्रीता बुधवारी सकाळी आली. एकुलती एक. इथेच जन्मली, इथेच वाढली, आता ओरेगॉनच्या जंगलखात्यात आहे. झाडं मोजते, वणवे विझवायला जाते. पायात कायम चिखलाचे बूट. तिचे बाबा, रवी, ती कॉलेजात असतानाच गेले. म्हणजे आता तिला पुढेमागे कुणी नाही. मलाही नाही. माझा यतीन जाऊन चार वर्षं झाली आणि आम्हाला मूल नाही. पण प्रीताला निदान तिशी आहे, मला त्रेसष्टी.

तिला विमानतळावर घ्यायला जायला हवं होतं, पण फ्रीवेचं मी सांगितलंच. ती टॅक्सीनं आली. मी पद्मिनीच्या दारात जेवणाचा डबा घेऊन उभी होते. तिनं मला मिठी मारली, अगदी नेमकी, लोक ऑफिसात मारतात तशी. मी डबा तिच्या हातात दिला आणि परत आले.

आता जे सांगायचं ते नीट सांगते, कारण सगळं त्यावर अडलेलं आहे.

मागच्या वर्षी मंडळातल्या नैनाची सासू इथे आली असताना वारली. नैनाचा मला फोन आला, रडत रडत. इथल्या अंत्यसंस्काराच्या ठिकाणी माणसं फार सभ्य असतात, सगळं करतात, पण साडी कशी नेसवायची हे त्यांना कुठून ठाऊक असणार? म्हणून आम्ही दोघी गेलो. निजलेल्या माणसाला साडी नेसवणं हे वेगळंच काम आहे. ब्लाउज मागून उसवावा लागतो. साडी अंगाखालून सरकवावी लागते, आधी एका कुशीवर, मग दुसऱ्या. निऱ्या आपल्याच हातावर घालून घ्यायच्या आणि मग कमरेशी खोचायच्या. पद्मिनी नेहमीसारखी पायांपाशी होती, फक्त या वेळी बसलेली नव्हती, उभी होती. ती म्हातारी इतकी छान दिसायला लागली, की नैना दाराशी येऊन थबकलीच.

परत येताना आम्ही वाटेत कॉफी घेतली आणि गाडीतच बसून राहिलो. मी म्हटलं, "पद्मे, माझं कोण करणार गं?"

"मी करीन की."

"तू? तुझ्या हाताला वळण कुठेय? तुझी निरी म्हणजे मिशन पीकच्या डोंगरावरचा वळणावळणाचा रस्ता."

"मग शिकव."

"बघू," मी म्हटलं. सत्तावीस वर्षांत तिनं हे चारपाच वेळा तरी विचारलं असेल आणि दर वेळी मी 'बघू' म्हटलं होतं. मग मीच ठरवून टाकलं. जी मागे राहील तिनं पुढे गेलेलीला नेसवायचं. पद्मिनीची वांगी रंगाची नारायणपेठ, माझी हिरवी इरकली. यतीन गेला म्हणून मी हिरवं सोडलेलं नाही आणि सोडणारही नाही. पद्मिनी म्हणाली, "बरं बाई." आणि कॉफीचं झाकण उघडून आत फुंकर मारत बसली.

ती इरकली फेब्रुवारीपासून सापडत नव्हती. मंडळाच्या रेखाकडे नाचाच्या कपड्यांची पेटी असते, त्यातच ती गेली आणि रेखानं दडपली, अशी माझी खात्री होती. मी रेखाशी बोलणं टाकलं होतं.

तर गुरुवारी सकाळी प्रीता आणि मी त्या अंत्यसंस्काराच्या ठिकाणी गेलो. जाताना रस्ताभर घरांपुढे हॅलोविनची सजावट. एका अंगणात तर सांगाड्याला हॅट घालून आरामखुर्चीत बसवलं होतं, हातात कॉफीचा मग. आत एक वयस्क, हळू बोलणारा माणूस होता. त्यानं विचारलं, कपडे आणलेत का? मी पिशवी टेबलावर ठेवली. नारायणपेठ, परकर, मी आदल्या संध्याकाळी उसवून ठेवलेला ब्लाउज, पिनांचा डबा. तेवढ्यात प्रीतानंही पिशवीतून काहीतरी काढलं. करडा स्वेटशर्ट. कोपरांवर विरलेला, छातीवर प्रीताच्या कॉलेजचं नाव, अर्धं उडालेलं. आणि काळी पँट.

"प्रीता, हे काय गं?"

"मावशी, नो. वी आर नॉट ड्रेसिंग हर अप."

'ड्रेस अप' हा शब्द मला पहिल्यापासून आवडत नाही. पोरं चेटकीण होऊन गोळ्या मागत फिरतात ते ड्रेस अप, ऑफिसच्या पार्टीला टाय लावला की ते ड्रेस अप, आणि मी पहाटे उठून कुणाच्या लग्नात अठरा बायका नेसवते तेही ड्रेस अप. सगळं एका पोत्यात! साडी म्हणजे काय सोंग आहे?

प्रीता सांगत होती, इंग्रजीतच, ती सगळं इंग्रजीतच बोलते, मी आपलं माझ्या मराठीत सांगते. म्हणाली, आई रोज हाच घालायची. मी फोनवर तिला बघायचे तेव्हा हाच असायचा. साडीत ती माझी आई दिसतच नाही, कुठल्या तरी कार्यक्रमाला निघालेली बाई दिसते. मला तिला असं नटवून निरोप द्यायचा नाही.

माझं डोकंच फिरलं. "अगं, ज्या देशात सांगाड्याला हॅट घालून अंगणात बसवतात, तिथे माझ्या मैत्रिणीला एक साडी मिळू नये? वचन दिलंय मी तिला! तुला काय माहीत गं तुझी आई? वर्षातून दोनदा येतेस, चार दिवस राहतेस, आणि मला शिकवतेस?"

त्या माणसाला मराठी कळत नव्हतं, पण त्यानं कागदी रुमालांचा डबा हळूच आमच्याकडे सरकवला.

प्रीतानं स्वेटशर्ट उचलून छातीशी धरला. मग ती मराठीत बोलली. तिचं मराठी मोडकं आहे, शब्द एकेक उचलून ठेवते. "मम्माचे गुडघे दुखायचे. प्रत्येक प्रोग्रॅमनंतर. खाली बसून बसून. ती मला सांगायची. मी म्हणायची, नको जाऊ, सांग नाही जमत. मम्मा म्हणायची, कसं नाही म्हणू? उल्काला कोणी नाही."

मी पिशवी उचलली आणि बाहेर आले. त्या माणसानं मागून इतकंच सांगितलं, की ठरवायचा हक्क मुलीचा आहे, शुक्रवारी दुपारपर्यंत सांगा, शनिवारी दहन आहे. खरंच होतं. मुलगीच ती. मी कोण?

घरी येऊन पिशवी यतीनच्या खुर्चीवर ठेवली आणि समोर बसले. वरण लावायचं होतं, लावलं नाही. प्रीतावर खूप रागावले. मोठ्यानं रागावले, भिंतींना ऐकू जाईल असं. आगाऊ कुठली. मग हळूहळू राग ओसरला आणि मला वाटलं, होता तोच बरा होता, निदान सोबत होती.

कारण गुडघ्यांचं खरं होतं. मला दिसत होतं ना. ती उठताना टेबल धरायची, कधी एखाद्या पोरीचा हात धरायची. एकदा एका लग्नात तिनं स्टूल मागितलं, तर मी म्हटलं, "स्टुलावर बसून निऱ्या सरळ येत नाहीत." येतात. चांगल्या येतात. पण मला तशीच सवय होती, ती खाली आणि मी वर. सत्तावीस वर्षांत एकदाही मी म्हटलं नाही, की पद्मे, आज तू वर ये. शिकवलं नाही, कारण तिला आलं असतं तर मग मला कोण बोलावणार होतं? हे मी त्या दुपारी पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं, आणि फार वाईट वाटलं.

आणि वचनाचं तरी काय? विचारलं मी. ठरवलं मी. रंगसुद्धा मीच ठरवले. ती म्हणाली 'बरं बाई'. लहान मुलानं हट्ट केला की आपण म्हणतो तसंच. गाडीत शेजारी बसलेल्या एकट्या बाईला आणखी काय म्हणणार? उल्काला कोणी नाही. ते वाक्य कितीदा आलं मनात. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तरी ते आलंच मागोमाग.

संध्याकाळपर्यंत मी ठरवलं. सकाळी प्रीताला फोन करायचा आणि सांगायचं, बाई गं, तुझंच खरं, स्वेटशर्ट घाल.

पण सकाळी मी फोन हातात घेतला तेवढ्यात तिचाच आला. "मावशी, तू येशील? आत्ता. मागच्या खोलीत काहीतरी आहे."

"काहीतरी म्हणजे?"

"प्लीज ये."

पद्मिनीचं घर माझ्यापासून दहा मिनिटांवर, आतल्या रस्त्यानं. दार उघडंच होतं. प्रीता जिन्याशी उभी, अनवाणी, केस न विंचरलेले. ती मला वर घेऊन गेली. ती मागची खोली गेल्या वसंतापासून बंदच असायची. मी विचारलं की पद्मिनी म्हणायची, "पसारा आहे गं, नको बघू, मला नावं ठेवशील." मी म्हणायची, "ती तर मी न बघताच ठेवते."

पलंगावर कुणीतरी निजलं होतं.

म्हणजे तसं वाटलं. मग दिसलं, की तो पुतळा आहे, कपड्यांच्या दुकानात उभा करतात तसला, डोकं नसलेला, मांडीपर्यंतचा. पायांच्या जागी योगाच्या दोन चटया गुंडाळून ठेवलेल्या. आणि त्याला साडी नेसवलेली होती.

"मी किंचाळले," प्रीता म्हणाली. "मला वाटलं, माणूस आहे. मावशी, ती काय करत होती? पुतळ्याला कोण ड्रेस अप करतं? आणि निजवून? शी वॉज सो अलोन अँड आय डिडन्ट नो." बोलता बोलता तिचा आवाज फुटला. "तिचं डोकं ठीक नव्हतं का? मला कुणी सांगितलं का नाही?"

 मी पुतळा बघतच नव्हते. मी साडी बघत होते. हिरवी. लाल काठाची. पदरावर डाव्या कोपऱ्यात तेलाचा एक जुना डाग, तो मीच पाडलेला, नैनाच्या लग्नात.

माझी इरकली.

मी जवळ गेले. परकराची नाडी डावीकडे बांधलेली. पिनांची टोकं आतल्या बाजूला, मी लावते तशी. पदर लांब. निऱ्या सात, आणि त्यांच्या खालच्या टोकांवर एक जाड पुस्तक ठेवलेलं, हलू नयेत म्हणून. तिसरी निरी वाकडी होती. उशाशी पिवळ्या वहीतला एक कागद होता. पद्मिनीचं अक्षर.

"हे काय लिहिलंय?" प्रीता म्हणाली. तिला मराठी वाचता येत नाही. "वाच ना मावशी."

मी पलंगाच्या कडेला बसून वाचलं.

"एक. नाडी डावीकडे बांधायची. उलकीला उजवीकडची गाठ टोचते.

"दोन. साडी एकदम ओढायची नाही. आधी या कुशीवर, मग त्या. घाई करायची नाही, आता तिला कुठे जायचंय?

"तीन. निऱ्या सात. आठवी घातली तर उलकी उठून बसेल.

"चार. खाली धरायला कुणी नसणार. टोकांवर पुस्तक ठेवायचं.

"पाच. पदर लांब. आखूड पदराच्या बायकांना ती जन्मभर नावं ठेवत आली."

पुढे मी थांबले.

"सहावं काय आहे?" प्रीतानं विचारलं. आकडा तिला कळत होता.

"काही नाही. खोचायचं, एवढंच." मी कागद घडी करून मांडीवर ठेवला.

"मावशी, हे कुणासाठी आहे?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं आणि मग तिला सगळं सांगितलं. नैनाची सासू, कॉफी, वांगी रंग, हिरवा रंग, बरं बाई. मी तिला कधी शिकवलं नाही हेही सांगितलं. ती गुपचूप माझ्या हातांकडे बघून शिकत होती, खाली बसून, दुखऱ्या गुडघ्यांवर, आणि मी वरून ओरडत होते, की लक्ष कुठेय तुझं. लक्ष इथे होतं तिचं. मी रडले. रडताना मी बरी दिसत नाही, तोंड वेडंवाकडं होतं, म्हणून मी कुणापुढे रडत नाही, पण रडले.

प्रीता पलंगाच्या दुसऱ्या कडेला बसली. मध्ये तो पुतळा. ती म्हणाली, "म्हणजे ती मजेत म्हणाली नव्हती. प्रॉमिस."

"नाही वाटत."

"मला वाटलं, ती तक्रार करतेय. गुडघ्यांची. तुझी."

"करतही असेल. करायलाच हवी होती." मी नाक पुसलं. "प्रीता, तू स्वेटशर्ट घाल तिला. मी हेच सांगायला फोन करणार होते. रोज तेच घालायची ती. तू म्हणतेस ते खोटं नाही."

तिनं नाही म्हणून मान हलवली. उठली, खिडकीशी गेली. खाली अंगणात मेथीच्या कुंड्या तशाच होत्या, मंगळवारपासून कुणी पाणी घातलं नव्हतं. "पर्पल साडी कुठेय?" तिनं विचारलं.

"माझ्या घरी, यतीनच्या खुर्चीवर."

"मग चल. पण स्वेटशर्ट पण न्यायचा."

आम्ही दुपारी गेलो. त्या माणसानं आम्हाला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. खोली थंडगार होती, तिथे कसला तरी साबणाचा वास होता. पद्मिनी तिथे होती. मी आधी नुसतीच तिच्याकडे बघत राहिले. तिच्या नखांत अजून माती होती, ती मी ओल्या रुमालानं काढली. स्वेटशर्टची घडी प्रीतानं तिच्या मानेखाली ठेवली.

मग कामाला लागले. परकर, ब्लाउज. साडी आधी या कुशीवरून, मग त्या. प्रीताच्या अंगात ताकद चांगली आहे, झाडं ओढणारी पोर. पण हात लावताना ती इतका हळू लावत होती, की मला तिला सांगावं लागलं, "नीट धर गं, तिला दुखत नाही." माझ्या हातावर मी निऱ्या घातल्या. सात. प्रीताला म्हटलं, "तू पायाशी जा. टोकं धर. एकसारखी कर. आता खाली ओढ. अजून. बास."

तिनं धरल्या. सरळ धरल्या, पहिल्याच फटक्यात. अंगठा निऱ्यांच्या वर आणि चार बोटं खाली, हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. पद्मिनी तशीच धरायची.

माझ्या तोंडात पिन होती, मुठीत निऱ्या होत्या, आणि हात कमरेशी गेला तसं तोंडातून निघून गेलं, "पद्मे, श्वास सोड."

आणि मी थांबले. नेहमी थांबते, समोरचीचं पोट आत जाईपर्यंत. सत्तावीस वर्षांची सवय, माझा हात पुढे जाईचना. खोलीत कुठेतरी पंखा घरघरत होता. मी त्या निऱ्या मुठीत धरून तशीच उभी राहिले आणि वाट बघितली.

पायाशी प्रीता होती. तिनं टोकं सोडली नाहीत.

"सहावं हेच होतं ना?" ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "तिनं लिहिलंय, गरज नाही, तरी म्हणायचं. उलकी सगळ्यांना म्हणते, तिला कधी कुणी म्हटलं नाही."

मग मी निऱ्या खोचल्या.

शनिवारी सगळं झालं. मंडळातले बरेच जण आले. रेखाही आली होती, तिची मी माफी मागितली, तिला कशाबद्दल ते कळलंच नाही. सोमवारी प्रीता गेली. तो कागद तिनं मागून घेतला. म्हटलं, तुला वाचता कुठे येतं? म्हणाली, शिकेन. शिकेल की नाही कोण जाणे, ओरेगॉनच्या जंगलात तिला मराठी कोण शिकवणार? पण नेलाय खरा.

पुढच्या शनिवारी मंडळात दिवाळीचा कार्यक्रम आहे. पोरींना नेसवायला या म्हणून फोन आला होता. मी 'बघू' म्हटलं. खाली कोण बसणार?

इरकली मी पिनांसकट काढली आणि पिनांसकट घडी करून घरी आणली. कपाटात वरच्या कप्प्यात आहे. रोज एकदा काढून बघते. तिसरी निरी वाकडीच आहे. जन्मभर मी दुसऱ्यांच्या निऱ्या मोडून पुन्हा घातल्या. ही तेवढी मी सरळ केलेली नाही.